नानांच्या वहीतली दोन दहाची नोंद

"मॅडम, लोक मुलांच्या मोबाईलसाठी येतात. मी वडिलांसाठी आलोय," असं म्हणून तो कसनुसं हसला. वडील बाहेर बाकावर बसले होते. हातात अर्थातच फोन.

वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. आता रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईल, सकाळी डोळे सुजलेले, ताटाशेजारी फोन, आणि कुणी बोललं तर नुसतं 'हं'. मुलाने एकदा चिडून वायफायचा पासवर्ड बदलला. वडील काही बोलले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन स्वतःचं रिचार्ज मारून आले. "हे व्यसनच ना? नेट बंदच करून टाकू का?"

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, फक्त नातं बदलतं. कधी मुलगा, कधी नवरा, हल्ली सासूबाईसुद्धा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वडिलांना नाना म्हणू. लिहायला त्यांनी एका अटीवर होकार दिला: "एसटीबद्दल वाकडं लिहायचं नाही.")

'व्यसन' हा शब्द मी लगेच वापरत नाही. 'इंटरनेट व्यसनाचा विकार' हे नाव १९९५ मध्ये इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने चक्क थट्टेत काढलं होतं. थट्टा बाजूला राहिली आणि नाव चिकटलं. पुढे किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २० प्रश्नांची चाचणी तयार केली, ती आजही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगचा विकार आहे, पण इंटरनेटचं सरसकट व्यसन असं वेगळं निदान नाही. म्हणजे त्रास खोटा, असं मुळीच नाही. नेमकं काय सुटत नाहीये, ते शोधावं लागतं.

नानांना चाचणी दिलीच नाही. आधी झोप, भूक, उदासी, जगण्याचा कंटाळा याबद्दल विचारून घेतलं, कारण नैराश्य असलं तर फोन हे नुसतं वरचं टोक असतं. एकटेपणा होता. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती आणि नोकरीच्या धबडग्यात ते जाणवलं नव्हतं. पण नैराश्य म्हणावं असं काही दिसलं नाही. मग त्यांच्या हातात वही दिली. म्हटलं, "किती तास बघितलं ते लिहू नका. फोन उचलायच्या आधीच्या मिनिटाला काय झालं, तेवढं लिहा."

आठवड्याने वही आली ती आगारातल्या रजिस्टरसारखी. पट्टीने आखलेले रकाने, चोवीस तासांची वेळ.

२२.४० – मुलगा-सून खोलीत गेले. दार लागलं.
२२.४१ – फोन.
०२.१० – लघवीला उठलो. फोन.
०३.२५ – झोप.
१०.०५ – ग्रुपवर एकाने महाबळेश्वरच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारली. सांगितली. बरं वाटलं.

अख्ख्या आठवड्यात 'बरं वाटलं' हे दोनच शब्द भावनेचे, आणि तेही फक्त एसटीप्रेमींच्या ग्रुपच्या नोंदींपुढे. बाकी सगळी रील. त्यांच्यापुढे शेऱ्याचा रकाना कोरा.

मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "खिडकीत बसायचो तेव्हा दिवसभर माणसं विचारायची. फलाट कुठला, गाडी लागली का, पुढची कधी. वैताग यायचा. आता घरात मला एकच विचारतात, पाणी आलं का?"

रिचर्ड डेव्हिस या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये एक फरक मांडला, तो इथे फार कामाला आला. काही माणसं नेटवर ठरावीक एका गोष्टीच्या मागे असतात. काही नुसतीच भटकतात, आणि या भटकण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकटेपणा असतो. डेव्हिस यांचा भर माणसाच्या मनात घोळणाऱ्या वाक्यावर होता: 'तिथे मी कुणीतरी आहे, इथे कुणी नाही.' नानांचं पाण्याचं वाक्य म्हणजे तेच, फक्त नळावरून आलेलं. त्यांच्या वहीत दोन्ही प्रकार होते. ग्रुपवर त्यांना हरवलेलं काहीतरी परत मिळत होतं. रीलवर काही मिळत नव्हतं, फक्त दार लागल्यावरची शांतता ऐकू येत नव्हती. नकोसं वाटणं टळतं, म्हणून सवय घट्ट होते. सुरुवातीला मजेसाठी उचललेला फोन पुढे पुढे मजा येत नसतानाही का सुटत नाही, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं नानांनीच सांगितलं. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग मी समजावत होते: चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकर थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते मारतच राहतं. रीलही अशीच, दहातली एखादी चांगली निघते. नाना मधेच म्हणाले, "म्हणजे गाडीची वाट बघणारा पॅसेंजर. गाडी वेळेवर येते हे ठाऊक असलं की माणूस बाकावर पेपर वाचत बसतो. भरवसा नसला की दर दोन मिनिटांनी वाकून रस्त्याकडे बघतो." कबुतरं तेव्हापासून मी सोडून दिली. आता सगळ्यांना पॅसेंजरच सांगते.

पण खरी गंमत दोन दहाच्या नोंदीत होती. रात्री लघवीला उठणं रोजचं होतं, कधी दोनदा. नानांना मधुमेह आहे. मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. साखर बरीच वाढलेली निघाली, औषध बदललं. वाढलेल्या साखरेने लघवी वाढते, लघवीने जाग येते, जाग आली की उशाचा फोन हाताशी असतो, आणि अपुऱ्या झोपेने साखरेवर ताबा राहणं आणखी अवघड होतं. घरातल्यांनी यातली एकच कडी पाहिली होती, जी उजेड पाडते ती.

उपाय अगदी साधे केले. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, उशाशी गजराचं घड्याळ. ग्रुप बंद करायचा नाही, उलट सकाळी दहा ते बारा ही त्यांची 'ड्युटी'. मुलाला मी थोडं कडक बोलले. पासवर्ड बदलून वडिलांना शाळकरी पोर करून टाकलं होतं त्याने. रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं त्याने बाहेर बसायचं, फोनशिवाय. "बोलायचं काय पण?" असं त्याने खरंच विचारलं. मला त्या प्रश्नाचंच जास्त वाईट वाटलं.

गणपतीत सगळं कोलमडलं. कोकणच्या जादा गाड्यांचे प्रश्न ग्रुपवर रात्रभर येत होते आणि नाना तीन रात्री जागले. मुलाचा फोन आला, "पुन्हा सुरू झालं." मला तसं वाटलं नाही. त्या तीन रात्रींच्या नोंदी मी पाहिल्या, प्रत्येकीपुढे 'बरं वाटलं' होतं. साठीच्या आसपासच्या मधुमेही माणसाने जागू नये हे खरंच, ते मी त्यांना सांगितलंही. पण चवथ्या रात्री फोन आपोआप हॉलमध्ये गेला होता.

गेल्या महिन्यात वही पुन्हा पाहिली. '०२.०५ – उठलो. पाणी प्यायलो. फेरी रद्द.' दुपारची रील मात्र चालू आहे. मुलाला ती खुपते, मला फारशी नाही. १३.४० ला सुरू, १४.१० ला बंद करायची असं नानांनी स्वतःच ठरवलंय. त्या दिवशी बंद व्हायला १४.५५ झाले होते. पुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'पंचेचाळीस मिनिटं उशीर. कारण – चालकाचं लक्ष नव्हतं.'