गोलला किती पॉइंट? फँटसी लीगवरचे प्रश्न

आम्ही आठ मित्र इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलची ड्राफ्ट लीग चालवतो, म्हणजे आळीपाळीनं खरे खेळाडू निवडून कागदावर संघ करायचा आणि त्यांच्या खऱ्या खेळावरून पॉइंट मोजायचे. एक खेळाडू एकाच्याच संघात. हिशोब एक्सेलमध्ये आम्हीच ठेवतो, पॉइंट मूळ फँटसी प्रीमियर लीगचेच. फॉरवर्डच्या गोलला चार आणि मिडफिल्डरच्या गोलला पाच, हे निम्म्या मंडळींना पटत नाही. फॉरवर्डला सहा करावेत का?
– एक वाचक, टिळकवाडी

सहा नको. चार कमी दिसतात, पण तुमच्या लीगमध्ये चांगल्या फॉरवर्डची आधीच टंचाई आहे. प्रत्येकाला तीन म्हणजे आठ जणांना 24 फॉरवर्ड लागणार. क्लब 20, आणि बरेचसे संघ एकच स्ट्रायकर घेऊन उतरतात. विंगवर खेळणारे बहुतेक जण यादीत मिडफिल्डर म्हणून लागलेले असतात. निवडीच्या शेवटच्या फेऱ्यांत मग बेंचवरचा स्ट्रायकरच पदरात पडतो. मिडफिल्डर प्रत्येकी पाच म्हणजे 40 लागतात खरे, पण नियमित खेळणारे त्याहून कितीतरी जास्त असतात.

यादीत नाव कुठं लागलंय यानं काय होतं ते सलाहवरून बघा. 2024-25 मध्ये लिव्हरपूलकडून त्यानं 29 गोल केले आणि मिडफिल्डर म्हणून 344 पॉइंट मिळवले. तोच फॉरवर्डमध्ये असता तर गोलांचेच 29 पॉइंट गेले असते, वर क्लीन शीटचा, म्हणजे संघानं गोल न खाल्ल्याचा, एकेक पॉइंटही नाही. तुमच्या मित्रांची कुरकुर बिनबुडाची नाही.

पण सहा केले की गोची होते. वीस गोलवाल्याला आज गोलांचे 80 आणि दहावाल्याला 40 मिळतात, फरक 40 चा. सहाच्या हिशोबानं 120 आणि 60, म्हणजे फरक 60 चा. सगळ्या फॉरवर्डांचं भलं होत नाही, वरच्या दोघातिघांचंच होतं. ज्याची पहिली चिठ्ठी निघेल तो हालंड घेणार आणि बाकीचे सात जण वर्षभर तोंड बघत बसणार. 2022-23 मध्ये मँचेस्टर सिटीकडून त्यानं 36 गोल मारले होते. तसं वर्ष पुन्हा आलं तर तुमचा नवा नियम त्याला एकट्याला 72 पॉइंट जादा देईल.

बदलायचंच तर पाच करा. नाहीतर गोलचे पॉइंट राहू द्या आणि संघातले फॉरवर्ड तीनाचे दोन करा, 24 ऐवजी 16 लागतील. आम्हाला दुसरा उपाय जास्त पटतो.

ठरवण्याआधी गेल्या हंगामाचे आकडे दोन्ही नियमांनी लावून बघा. प्रत्येकजण 4-4-2 (चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड) उतरवतो असं धरलं तर फॉरवर्ड 16 खेळणार, म्हणून 17 व्या फॉरवर्डचे पॉइंट ही त्या जागेची पायरी. मिडफिल्डर आणि डिफेंडरसाठी 33 वा घ्या. पायरीच्या वर जेवढे पॉइंट तेवढीच खेळाडूची खरी किंमत. मग सगळ्यांची एकच यादी लावा. पहिल्या दहांत एकाच जागेचे सात-आठ जण आले तर नियम एकीकडे झुकलाय. नुसत्या एकूण पॉइंटांवरून वाद घालत बसलात तर निकाल लागणार नाही.

2025-26 पासून बचावाचेही पॉइंट मिळतात. मग मोठ्या क्लबचे फुलबॅक (कडेचे डिफेंडर) सोडून द्यावेत का?
– एक वाचक, खानापूर

सरसकट नाही. एका सामन्यात डिफेंडरचे क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून 10 झाले की 2 पॉइंट. नऊला काही नाही, अठरालाही दोनच. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला 12 लागतात, पण त्यांच्या रिकव्हरीही (मोकळा चेंडू ताब्यात घेणं) मोजतात. डिफेंडरच्या मोजत नाहीत, आणि घरगुती हिशोबात नेमकी हीच चूक होते.

फायदा होतो तो मागं दबून खेळणाऱ्या संघाच्या सेंटर-बॅकचा, म्हणजे मधल्या डिफेंडरचा. संघ 0-2 हरला आणि तो पूर्ण वेळ खेळला, तर खेळल्याचे 2, दोन गोल खाल्ल्याचा उणे 1, म्हणजे पूर्वी हाती 1 यायचा. आता दहा भरले तर 3. पण मोठ्या संघाच्या फुलबॅकला क्लीन शीट आणि एक असिस्ट (गोलसाठीचा पास) मिळाला की 2, 4 आणि 3 मिळून 9 होतात. तो ज्या आठवड्यात देतो त्या आठवड्यात भरभरून देतो. पाचांत तीन सेंटर-बॅक आणि दोन पुढं चढणारे फुलबॅक असं बसवा. साठाव्या मिनिटाआधी बाहेर काढला जाणारा कुणीही घेऊ नका, त्याला क्लीन शीटचे पॉइंटच मिळत नाहीत.

गोलकीपर लवकर घ्यावा का? आमच्यात सहा जण आहेत.
– एक वाचक, निपाणी

नाही, शेवटच्या दोन फेऱ्यांत घ्या. मैदानात सहाच उतरणार आणि नियमित खेळणारे 20 आहेत. तीन सेव्हला 1 पॉइंट, पाच सेव्ह केले तरी एकच, उरलेले दोन पुढच्या सामन्यात धरत नाहीत. गोलला 10 आहेत म्हणून भुलू नका, गोलकीपर गोल मारतो कधी?

अमेरिकेतल्या भावानं त्याच्या लीगमध्ये घेतलंय. तिथला फुटबॉल वेगळा. आधी कुणाला घेऊ?
– एक वाचक, अनगोळ

भावाला आधी दोन गोष्टी विचारा: कॅचला किती पॉइंट आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारे) किती उतरवायचे. बहुतेक लीगमध्ये रनिंग आणि रिसीव्हिंगच्या 10 यार्डांना 1 पॉइंट असतो. एकानं 80 यार्ड धावून काढले आणि दुसऱ्यानं आठ कॅच घेऊन 80 यार्ड काढले, तर दोघांना आठआठच. कॅचला 1 असेल तर दुसऱ्याचे थेट 16 होतात. अशा लीगमध्ये रिसीव्हर (पास झेलणारा), किंवा पुष्कळ कॅच घेणारा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), आधी उचला. क्वार्टरबॅक एकच उतरवायचा असेल तर थांबलं तरी चालतं, कारण 12 जणांची लीग धरली तर 12 लागतात आणि संघ 32 आहेत. दोन उतरवायचे असतील तर 24 लागतील, मग पहिल्या दोन फेऱ्यांतच एक ताब्यात घ्या.