टीम लीड झालीस, आता अंबडला जाऊन बस

नाशिक

प्रिय,

तुझी मेल मिळाली. शीट मेटलच्या, म्हणजे पत्र्याच्या भागांच्या, डिझाइन सॉफ्टवेअरची टीम लीड झालीस हे वाचून फार आनंद झाला. शेवटी विचारलं आहेस, "नवी स्क्रीन जुनीपेक्षा चांगली आहे, टेस्टिंगही नीट झालंय, तरी ड्रॉइंग ऑफिसमधले लोक जुनंच परत द्या म्हणतात. यांना बदल नकोच असतो का?" बाकीचं भेटल्यावर बोलू, पण याचं उत्तर आत्ताच लिहितो, कारण तुझी पुढची दोन-तीन वर्षं यावरच ठरणार आहेत.

बदल नको असतो असं मला मुळीच वाटत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधल्या जुन्या ड्राफ्ट्समननी ड्रॉइंग बोर्ड आणि त्यावर रेषा काढायचा मिनी ड्राफ्टर सोडून माउस हातात घेतला. एक माप बदललं की अख्खं ट्रेसिंग पुन्हा काढायचा त्रास वाचला, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसलं. तुझ्या नव्या स्क्रीनने त्यांचं काय वाचवलं, ते मात्र अजून दिसलेलं नाही. काय गेलं, ते लगेच दिसलं.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ट्रिमचं, म्हणजे जास्तीची रेषा कापायच्या कमांडचं, उदाहरण घे. वर्षानुवर्षं लोकांच्या बोटांत बसलेलं होतं: टीआर, एंटर, पुन्हा एंटर, मग नको असलेल्या रेषेवर क्लिक. २०२१ च्या आवृत्तीत ट्रिमची मूळ पद्धत बदलली आणि तो दुसरा एंटर लागेनासा झाला. कागदावर सुधारणाच. पण सवयीने दुसरा एंटर दाबला की कमांड संपते, आणि पुढच्या क्लिकवर रेषा कापली न जाता नुसती सिलेक्ट होते. दिवसभरात शेकडो वेळा ट्रिम करणाऱ्या माणसाचा हात तिथे अडखळतो, तोही शेजारच्या ट्रेनी मुलासमोर. ट्रिमएक्स्टेंडमोड हे सेटिंग शून्य केलं की जुनी पद्धत परत मिळते. ही सोय ठेवणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. वीस वर्षं ड्रॉइंग काढणाऱ्याची पत त्याच्या हाताच्या वेगात असते, आणि "जुनंच द्या" म्हणताना तो तीच परत मागत असतो.

म्हणून टीमला घेऊन ग्राहकाच्या ड्रॉइंग ऑफिसात जा. सेल्सवाल्यांना पाठवून भागत नाही, ज्याने कोड लिहिला तोच गेला पाहिजे. कीबोर्ड दिसेल असं मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. "सर, ते बटण उजवीकडे आहे" असं एकदा सांगितलंस की पुढे तो तुझ्यासाठी काम करून दाखवतो, स्वतःचं काम करत नाही.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. स्क्रीन बदलली तर लोक चिडतात, पण आकडा बदलला तर माल रिजेक्ट होतो. तुमचं सॉफ्टवेअर शीट मेटलचं आहे. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, ९० अंशांचा बेंड. के-फॅक्टर (वाकवताना न ताणला, न दबणारा थर जाडीत किती आत आहे, तो आकडा) ०.३३ धरला तर बेंड अलाउन्स, म्हणजे बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी, ४.१८ मिमी येतो, ०.४४ धरला तर ४.५२. चार बेंडच्या ब्रॅकेटमध्ये ब्लँक साइझला, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याच्या मापाला, १.४ मिमीच्या आसपास फरक पडतो. तुमच्यापैकी कुणी "जास्त अचूक" म्हणून डिफॉल्ट बदलला, तर लेझर कटिंगवाला बिनचूक कापेल आणि भाग तरीही बसणार नाही. जुनी फाइल उघडली की जुनाच आकडा आला पाहिजे, आणि नवा आकडा कुणीतरी जाणूनबुजून निवडल्याशिवाय लागू होता कामा नये. हा नियम टीमकडून पाळून घे, इथे सवलत देऊ नकोस.

फाइलचंही तसंच. ऑटोकॅड २०१८ पासून डीडब्ल्यूजी या त्याच्या ड्रॉइंग फाइलचा फॉरमॅट बदलला, आणि २०१७ किंवा त्याआधीची आवृत्ती असलेल्याला तशी फाइल उघडता येत नाही. तुझा ग्राहक अंबडला असेल, पण त्याचा व्हेंडर सिन्नरला जुन्या संगणकावर बसलेला असतो. त्याचाही विचार तुलाच करायचा आहे.

जुनी पद्धत किती दिवस ठेवायची, यावर टीममध्ये वाद होतील आणि तुझ्या टीममधल्या मुलांचं म्हणणं चूक नसेल, कारण दोन वाटा ठेवल्या की टेस्टिंग दुप्पट होतं. ऑटोकॅडमध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, २००९ च्या आवृत्तीत आली, तरी जुन्या मेनूची क्लासिक वर्कस्पेस थेट २०१५ च्या आवृत्तीत काढली. तुम्हाला इतकं परवडणार नाही. मग तारीख ठरवा, ग्राहकाला लेखी कळवा आणि ती पाळा. तारीख सारखी पुढे ढकलली की लोक शिकायचं थांबवतात. महिनाअखेरीला डिस्पॅचची धावपळ असते, तेव्हा रिलीज अजिबात नको.

मालकाची सही मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नकोस. प्रत्येक ड्रॉइंग ऑफिसात अडलं की सगळे ज्याला हाक मारतात असा एक जण असतो. महिनाभर आधी नवी आवृत्ती त्याच्या हातात दे, त्याच्या सूचनांपैकी निदान एक तरी मनापासून अमलात आण, आणि ती त्याच्या सूचनेवरून केली हे सगळ्यांसमोर सांग.

आणि तुझ्या टीममधल्या मुलांना सांभाळ. सहा महिने खपून केलेलं काम लोकांनी नाकारलं की मन दुखतं, ते दुखणं खरं असतं. पण मीटिंगमध्ये "युझरला कळत नाही" हे वाक्य चालू देऊ नकोस. कोणती फाइल होती, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, एवढं लिहून आणायला सांग. सपोर्टचा फोन पाळीपाळीने प्रत्येकाकडे दे, स्वतःकडेही घे.

पुढच्या रिलीजआधी अंबडच्या दोन ग्राहकांकडे जाऊन ये. बेंडचं मॉड्यूल लिहिणाऱ्या मुलाला सोबत ने आणि ड्रॉइंग ऑफिसनंतर त्याला प्रेस ब्रेकपाशीही, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनपाशीही, थोडा वेळ उभं राहू दे. जे दिसेल ते दोघांनी वहीत टिपा, आणि परत आलात की त्या वह्या घेऊन माझ्याकडे या.