नववीत शाळा सोडून गोल्फ? आधी जॉन राह्मची वाट नीट पाहा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. चार वर्षं पुण्यात गोल्फ खेळतोय, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, कमी तितका चांगला) ६ वर आलाय. स्पेनचा जॉन राह्म म्हणजे त्याचा देव. त्याच्या कोचचं म्हणणं आहे की शाळा सोडून एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी द्यावी आणि दिवसभर कोर्सवर राहावं. ‘स्पेनचाच सेवे बायेस्तेरोस सोळाव्या वर्षी प्रो (व्यावसायिक खेळाडू) झाला, मग मी का थांबू?’ असं मुलगा विचारतो. शिवाय त्याचा बॅकस्विंग (फटक्याआधी काठी मागे नेणं) आखूड आहे, तो पूर्ण घ्यायला लावतायत आणि त्यात त्याची कंबर दुखते. मी नोकरदार माणूस आहे, झेपेल तेवढा खर्च करतोय. काय करावं? – एक वडील, पुणे

उत्तर : नमस्कार. नववीतल्या मुलाचा ६ हँडिकॅप ही साधी गोष्ट नाही. त्यामुळे हे वेड आपोआप उतरेल अशी वाट बघू नका. ते खरं आहे असं धरूनच मी लिहितोय.

सेवेबद्दल तो म्हणतो ते बरोबर आहे. १९७४ मध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आधीच सेवे प्रो झाला आणि २२व्या वर्षी, १९७९ मध्ये, त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. पण मुलाला त्या घराचीही गोष्ट सांगा. उत्तर स्पेनमधलं पेद्रेन्या हे समुद्रकाठचं गाव. वडील शेतकरी. तिन्ही मोठे भाऊ याच खेळात प्रो झालेले, मामा रामोन सोता स्पेनमधला नावाजलेला खेळाडू. गावचा गोल्फ क्लब श्रीमंतांचा. तिथे या पोरांना कॅडी (खेळाडूंची बॅग वाहणारे) म्हणून प्रवेश होता, खेळाडू म्हणून नव्हता. म्हणून सेवे ३ नंबरची आयर्न ही एकच काठी घेऊन वाळूत सराव करायचा. त्याच्यापुढे शाळा की गोल्फ असा प्रश्नच फारसा नव्हता, कारण शिकून पुढे जायची दुसरी वाट त्याला दिसतच नव्हती. तुमच्या मुलापुढे ती वाट आहे. सोळाव्या वर्षाचा तो आकडा तेवढा उचलून आपल्या घरात आणता येणार नाही.

त्याचा देव तर नेमका उलट वागला. राह्म १९९४ चा, बास्क प्रांतातल्या बारिका गावचा. त्याच्या घरात गोल्फची परंपरा नव्हती. १९९७ मध्ये स्पेनमधल्या वाल्देरामाला रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका) झाला, युरोपचा कर्णधार सेवे होता, युरोप जिंकला. त्यानंतर राह्मच्या वडिलांनी हातात गोल्फची काठी घेतली आणि मग मुलांनी. २०१२ मध्ये हा मुलगा गोल्फच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला गेला. इंग्रजी कच्चं होतं. रॅप गाण्यांचे शब्द पाठ करून त्याने जीभ वळवली, हे त्याने स्वतः सांगितलंय.

आता मुलाबरोबर बसून २०१५ चं साल बघा. फिनिक्स ओपन ही पीजीए टूरची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या मालिकेतली, स्पर्धा. वीस वर्षांचा राह्म तिथे विद्यार्थी म्हणून खेळला आणि संयुक्त पाचवा आला. बक्षिसाचा एक डॉलरही त्याला घेता आला नाही, कारण तो हौशी खेळाडू होता. हौशी खेळाडूंच्या जागतिक क्रमवारीत तो एकूण ६० आठवडे पहिला होता. त्या दिवसांत तो प्रो झाला असता तर कुणालाच आश्चर्य वाटलं नसतं. तो परत वर्गात गेला, कम्युनिकेशनची पदवी पूर्ण केली, जून २०१६ मध्ये यूएस ओपनला हौशी खेळाडूंत पहिला आला आणि मगच प्रो झाला.

थांबल्याने त्याचं काय गेलं? जानेवारी २०१७ मध्ये टॉरी पाइन्सच्या शेवटच्या होलवर साधारण ६० फुटांचा पट (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालणं) टाकून त्याने पहिली पीजीए टूर स्पर्धा जिंकली. जुलै २०२० मध्ये तो जगात पहिला झाला. स्पेनमधून त्याच्याआधी हे फक्त सेवेला जमलं होतं. २०२१ मध्ये त्याच टॉरी पाइन्सवर तो यूएस ओपन जिंकणारा पहिला स्पॅनिश खेळाडू ठरला. ९ एप्रिल २०२३ रोजी, सेवेच्या जन्मतारखेला, त्याने मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. 

कंबरदुखीचं वाचून मात्र मला काळजी वाटली. राह्म जन्मला तेव्हा त्याचा उजवा पाय वळलेला होता. तो सरळ करून प्लास्टरमध्ये ठेवावा लागला. आजही तो पाय सुमारे दीड सेंटिमीटर आखूड आहे आणि घोटा पुरेसा वळत नाही. म्हणून त्याचा बॅकस्विंग आखूड आहे. २०२१ मध्ये त्याने हे सगळं उघड सांगितलं आणि तरुण खेळाडूंना बजावलं की माझी नक्कल करू नका, तुमचं शरीर काय सांगतं ते ओळखा. तुमच्या मुलाचा आखूड स्विंग राह्मची नक्कल आहे की त्याच्या शरीराची गरज, हे मी सांगू शकत नाही, आणि न तपासता कोचही सांगू शकत नाही. खेळाडूंसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून नितंब, घोटे, पाठ तपासून घ्या. तोवर स्विंग बदलणं थांबवा. वाढत्या वयातली कंबर आहे, हे अंगावर काढू नका.

शाळेबद्दल. एनआयओएस मान्यताप्राप्त आहे, माझा आक्षेप त्यावर नाही. राह्मसारखं अमेरिकेत कॉलेज गोल्फ खेळायचं तर तिथल्या कॉलेज खेळांच्या एनसीएए या संस्थेची पात्रता लागते, आणि ती नववीपासूनचे गुण मोजते. आपल्याकडे नववीकडे कुणी गंभीरपणे बघत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. वरच्या गटासाठी म्हणजे डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीत १६ मुख्य विषय-वर्षं लागतात : त्यात इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २ आणि बाकीची याच प्रकारची. त्यातली दहा बारावीच्या आधी पूर्ण हवीत. किमान सरासरी ४ पैकी २.३. म्हणजे शाळा सोडताना किंवा अकरावीत गणित सोडताना आपण कुठलं दार लावून घेतोय ते आधी तपासा. तिथल्या प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलाशी थेट बोलता येतं, त्याआधी नाही. कुणी एजंट आत्ताच ‘जागा पक्की करतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

शिष्यवृत्ती म्हणजे सगळं फुकट, असंही धरू नका. २०२५ पर्यंत मुलांच्या डिव्हिजन वन संघाला मिळून जेमतेम साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या आठ-दहा जणांत वाटल्या जायच्या. आता नियम बदललेत, तरी प्रत्येकाला पूर्ण पैसे देणारी कॉलेजं थोडीच. उरलेला खर्च कमी करण्यात परीक्षेतले गुण कामी येतात.

आणि अमेरिका हा एकमेव रस्ता नाही. आपल्याच पुण्याचा उदयन माने टोक्यो ऑलिम्पिकमध्ये खेळलाय. इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर स्पर्धांत मुलगा त्याच्या वयोगटात कुठे उभा राहतो, हे या हंगामात बघा. घरच्या कोर्सवरचा ६ आणि अनोळखी कोर्सवर तीन दिवसांच्या स्पर्धेत टिकणारा ६ यांत फार अंतर असतं.

मुख्याध्यापकांना भेटा आणि सकाळचा रेंजवरचा सराव सांभाळता येईल अशी उशिराची वेळ, स्पर्धांच्या दिवसांची सूट लेखी मागा. खेळाडूंसाठी बऱ्याच शाळा ऐकतात. कोचला मुलाच्या पुढ्यात विरोध करू नका. फिजिओचा अहवाल घेऊन एकटे भेटा. मार्चनंतर नववीचा निकाल आणि स्पर्धांचे स्कोअरकार्ड मला पाठवा. दहावीचं वेळापत्रक आपण तिघं मिळून ठरवू, मुलालाही सोबत घेऊन.