जॉन फोर्डचं नाव दिग्दर्शक अजून का घेतात?

तुमचा प्रश्न असा की, फोर्ड या जुन्या हॉलिवूड दिग्दर्शकाचे काउबॉयवाले सिनेमे आज जुनाट वाटतात, मग मोठमोठे दिग्दर्शक त्याचं नाव घेताना आदराने कानाला हात का लावतात?

जुनाट वाटतात, खरंय. 'स्टेजकोच' (१९३९) मी पहिल्यांदा अर्ध्यात सोडला होता. माझं मत फिरलं ते 'द सर्चर्स'मुळे (१९५६).

सुरुवातीला पडदा काळाकुट्ट. एक बाई दार उघडते आणि चौकटीत रखरखीत उन्हातलं माळरान उजळतं. (गोष्ट टेक्सासची, जागा अ‍ॅरिझोना-युटाच्या सीमेवरची मॉन्युमेंट व्हॅली. फोर्डला भूगोलाची पर्वा नव्हती.) शेवटी पुन्हा दार, कॅमेरा पुन्हा घरात. नायकाची पळवून नेलेली पुतणी सापडलीय, सगळे आत येतात. तो नायक, जॉन वेन, तेवढा उंबरठ्याबाहेर राहतो. डाव्या हाताने उजवं कोपर धरतो, वळतो, चालू लागतो. दार मिटतं. संवाद एकही नाही. कोपर धरायची ती लकब हॅरी कॅरीची, म्हणजे फोर्डच्या मूकपटांतल्या नायकाची. तो १९४७ साली गेला होता आणि त्याची बायको ऑलिव्ह याच प्रसंगात काम करत होती. हे कळल्यापासून त्या दाराशी मी दरवेळी अडकतो.

माणूस कुठे उभा आहे, एवढ्यावरून त्याची गोष्ट सांगायची, हे लोक फोर्डकडून शिकले. 'सिटिझन केन' करण्याआधी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स 'स्टेजकोच' पुन्हापुन्हा बघत बसला होता. स्पीलबर्गने तर 'द फेबलमन्स'मध्ये (२०२२) म्हातारा, खेकसणारा फोर्डच उभा केला: क्षितिज वर घे नाहीतर खाली घे, मध्ये घेतलंस तर चित्र मेलं!

दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळाली. गंमत म्हणजे एकही वेस्टर्नसाठी, म्हणजे काउबॉयपटासाठी नाही.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या बाबतीत मात्र मी त्याची वकिली करणार नाही. नवाहो जमातीच्या लोकांना उभं करून त्यांना कधी अपाची, कधी कोमांची म्हणायचं, हे त्याच्याकडे सर्रास चालायचं. 'शायान ऑटम'मध्ये (१९६४) त्याने त्यांची बाजू मांडली खरी, पण तिथेही प्रमुख भूमिका रिकार्डो मोंटालबान, गिल्बर्ट रोलंड या मेक्सिकोत जन्मलेल्या नटांनाच.

पाहणार असाल तर 'सर्चर्स'पासून सुरुवात करा, आणि मोबाइलवर नको. वेन मुंगीएवढा दिसेल.