वजन उतरल्यावर सैल पडलेलं पोट: कोणता टमी टक घ्यावा?

ताई, टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी कापून काढायची शस्त्रक्रिया. आधी आरशासमोर उभ्या राहा आणि बेंबीच्या वरची कातडी चिमटीत धरून बघा. वर काही सैल नसेल, फक्त खालीच वळी असेल, तर छोटा, म्हणजे मिनी टमी टक पुरतो. त्यात बेंबी जागची हलत नाही. बाळंतपणानंतर मधले स्नायू फाकले असतील तर पूर्ण, म्हणजे फुल टमी टक: कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद, स्नायूंना टाके, बेंबीला नवी वाट. पुढे मूल हवं असेल तर मात्र थांबा.

चाळीस-पन्नास किलो उतरलेल्यांची कातडी आडवीही सैल असते. फुलमध्ये ती खाली ओढली जाते, कंबर ढगळच राहते. तिथे फ्लर-द-ली, म्हणजे मधोमध आणखी उभा छेद. व्रण कायम दिसतो. दोन्ही छेद मिळतात तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम बहुधा तिथेच उघडते. तंबाखू-सिगारेट किमान 4 आठवडे आधी बंद, यात सूट नाहीच!

वजन 6 महिने स्थिर हवं. ड्रेनची नळी, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी, साधारणतः 24 तासांत 30 मिलीच्या आत आल्यावरच काढतात. घाई केली तर आत पाणी साठतं. पोटाला आवळून बांधायचा पट्टा साधारण 6 आठवडे, म्हणून इंदुरात एप्रिल-मे टाळा, घामानं कातडी सोलते. एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.