बोलेरोच्या जागी महिंद्राने कशी गाडी आणावी? डिफेंडरसारखा कायापालट करावा का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बोलेरो 2000 सालापासून जवळजवळ तशीच चालू आहे, आता तिला निवृत्त करून लँड रोव्हरने डिफेंडरचं केलं तसं काहीतरी करावं. आणि तोवर थांबावं की आत्ताच घ्यावी, हेही विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देतो. डिफेंडरचं नाव काढलंत म्हणून आधी त्यावर बोलणं भाग आहे, कारण नेमक्या याच विषयावरून माझं आणि आमच्या दाजींचं गेली कित्येक वर्षं वाजतंय.

डिफेंडरसारखं? अजिबात नको.

जुनी डिफेंडर ही 1948 च्या लँड रोव्हरची थेट वारस. 29 जानेवारी 2016 ला इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. 2019 साली नवी दाखवली, ती बनते स्लोव्हाकियात, नित्राला. चासी, म्हणजे बॉडीखालची वेगळी लोखंडी चौकट, गेली, ॲल्युमिनियमचा सलग सांगाडा आला, चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर गेली. गाडी झकास आहे, त्यात वाद नाही. चिखलात-दगडात जुनीला ऐकत नाही आणि खपतेही भरपूर. पण घेतो कोण? आपल्याकडे ती कोटीच्या घरात जाते. लोक म्हणतात कंपनीने गाडी बदलली. माझ्या मते बदललं ते गिऱ्हाईक. आणि लँड रोव्हरला ते परवडलं, कारण तिकडचा मेंढपाळ आधीच जपानी पिकअपकडे निघून गेला होता. बोलेरोचं गिऱ्हाईक कुठेही गेलेलं नाही. ते अजून सोसायटीच्या कर्जाची फाईल काखेत घेऊन उभं आहे.

महिंद्राच्याच घरचं उदाहरण हवं तर थार घ्या. 2010 ची थार ही सरळ जुन्या जीपची पुढची पिढी होती. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आत नुसता पत्रा, धुवायला पाइप मारला तरी चालेल. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी आली. पेट्रोल-डिझेल दोन्ही, ऑटोमॅटिक, टचस्क्रीन, गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे पाचपैकी चार स्टार. आमच्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या थारची रांग लागते, पवनचक्क्यांसमोर फोटो काढायला. सोमवारी त्याच पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीची माणसं बोलेरोतून चढतात. यातून काय ते समजा.

मारुतीची गोष्ट थोडी निराळी. जिप्सी 1985 साली आली, वजन टनाच्या आत, त्यामुळे रुतली तर चार जवान उचलून बाहेर काढत. तिच्या जागी 2023 च्या जूनमध्ये जिम्नी आली, आणि मारुतीने खरं तर बरंच प्रामाणिकपणे केलं: चासी ठेवली, दोन्ही ॲक्सल (समोरासमोरची चाकं जोडणारे दांडे) अखंड ठेवले, चढ-चिखलात हळू पण जोरात ओढणारा लो गिअर ठेवला. पण सुरुवातच पावणेतेरा लाखांपासून, वर माणसं चारच. इथे म्हणावी तशी चालली नाही. तीच भारतात बनलेली गाडी 2025 च्या सुरुवातीला जपानात लावली तर काही दिवसांत 50 हजारांच्या आसपास मागणी आली आणि बुकिंग बंद करावं लागलं. म्हणजे गाडीत खोट नव्हती, दाराशी भलताच माणूस उभा होता.

आता मी कोण एवढं बोलणारा. आम्ही पाटण तालुक्यातले. वडिलांची वडापची, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीची, जीप होती, पाटण ते मोरणा खोऱ्यातल्या वाड्या. (एसटीवाल्यांनी शिव्या देऊ नयेत. त्या वाड्यांना तेव्हा एसटी जातच नव्हती.) मृगाच्या आधी बियाणं-खतं न्यायची घाई असते, अशा एका बाजारच्या दिवशी जीप मोजता येऊ नये एवढी भरली होती. टपावर युरियाची पोती, मागच्या फळीवर पोरं. मी त्यातलाच एक. एका मोरीवर चाक आदळलं आणि खालून बंदुकीसारखा आवाज आला. मागचा मेन पाटा तुटला होता, पुढच्या डोळ्यापाशी, म्हणजे तो चासीला अडकतो त्या कडीपाशी.

ज्यांनी पाट्याची गाडी चालवलीय त्यांना ठाऊक आहे, मेन पाटा तिथे तुटला की ॲक्सलला धरून ठेवणारं त्या बाजूला काही उरत नाही. ॲक्सल मागे सरकतो, टायर मडगार्डला घासायला लागतो, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. वडिलांनी सगळ्यांना उतरवलं, जॅक लावला आणि मला म्हणाले, "आरं, कुणाच्या तरी कुंपणातनं बाभळीचा ठोकळा आन, चांगला मांडीएवढा." तो ठोकळा चासी आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकून बसवला. मग टपावरची साखळी काढली, ॲक्सलला वेढे दिले, दुसरं टोक पाट्याच्या पुढच्या हँगरला गुंतवलं आणि मधे पहार घालून पिळत गेले. एकेका पिळाला ॲक्सल बोटभर पुढे येत होता. टायर मडगार्डपासून सुटला तेव्हा पहार तशीच सुतळीने चासीला बांधून टाकली. म्हातारीकोतारी आणि पोती गाडीत, बाकीचे चालत. तशीच पाटणला आणली. मिस्त्रीने भंगारातल्या जीपचा पाटा काढला, नवीन सेंटर बोल्ट, नवीन यू बोल्ट, रात्रीत बसवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली खेप चुकली नाही.

आता दुसरी गोष्ट. दाजी चाकणला एका मोठ्या वाहन कंपनीत डिझाइनला आहेत, हुशार माणूस, बहिणीला सुखात ठेवलंय, त्याबद्दल तक्रार नाही. गौरी-गणपतीला नवी कोरी उंच गाडी घेऊन आले, बिनचासीची. नाव घेत नाही. कंपनी त्यांची नव्हती एवढंच सांगतो. वाडीच्या शेवटच्या चढाला पावसाने चाकोरी खोल गेली होती, मधला दगड खालून लागला. पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, वाकला, आणि तो ज्याला जोडलेला असतो ती छोटी फ्रेमही. चाक आत दुमडून बसलं. आम्ही पोरांनी फळ्या घालून ढकलत अंगणात आणली. सर्व्हिस सेंटरवाला फोनवर म्हणाला, आर्म सुटा येत नाही, अख्खी असेंब्ली मागवावी लागेल, ती आली की बघू, आणि क्रेनची गाडी तुमच्या चढावर येणार नाही. गणपती गेले, गौरी गेल्या, गाडी अंगणातच. कोंबड्या तिच्या खाली बसायच्या, बॉनेटवर घाण करायच्या. दाजी एसटीने पुण्याला गेले.

जाताना म्हणाले, "मामा, ही गाडी या रस्त्यासाठी नाहीच. चूक रस्त्याची आहे."

वडील म्हणाले, "रस्ता चुकीचा न्हाई, जावईबापू. रस्ता ह्योच हाय."

दाजींचं म्हणणं मी नीट मांडतो, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. ते म्हणतात, मेन पाटा तुटणं हे डिझाइनचं अपयश आहे, तुम्ही त्याच्या दुरुस्तीचे पोवाडे गाता. चांगल्या गाडीचा भाग तुटूच नये. यावर माझं एकच म्हणणं आहे. आमच्याकडे तुटणार हे धरूनच चालायचं असतं. कोयनेच्या वर नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्या पाण्यात आज असलेली मोरी उद्या असेलच असं नाही. प्रश्न एवढाच, की तुटलेलं कुठे जोडता येतं आणि कोण जोडतो. चासीला तडा गेला तर ढेबेवाडीत वेल्डिंग मारून मिळतं. सलग सांगाडा वाकला तर तो मशीनवर ओढून सरळ करायला कराड, नाहीतर कोल्हापूर. आणि त्या दिवसांचा धंदा कोण भरून देतो?

बरं, तुमचा मूळ प्रश्न. नवी बोलेरो कशी असावी?

पहिली अट कंपनीच्या हातात नाहीच, ती सरकारची आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन 1500 सीसीच्या आत असेल तरच छोटी गाडी समजतात. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीला जीएसटी 18 टक्के आहे, त्यावर गेलं की 40. म्हणून तर आजची बोलेरो 3995 मिलिमीटर आणि 1493 सीसी आहे, पाच मिलिमीटर आणि सात सीसी राखून. पूर्वीचं अडीच लिटरचं इंजिन आणि जास्तीची लांबी 2016 मध्ये बोलेरो पॉवर प्लसने याच हिशोबापायी सोडली. नवी आणणाऱ्यालाही याच मापात सात माणसं बसवायची आहेत, म्हणजे मागच्या बाकांची भानगड राहणारच. ती कशी सोडवायची ते दाजींसारख्यांनी सांगावं, पगार त्याचाच मिळतो.

बाकी माझी मागणी साधी. चासी ठेवा. मागे पाटे ठेवा, कारण माल आणि माणसं एकाच गाडीतून जातात. मडगार्ड बोल्टवर ठेवा, म्हणजे ठोकलं तर सुटं बदलता येईल. वायरिंगचे जोड आणि ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) पाण्याच्या पातळीच्या वर, डॅशबोर्डमागे न्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीच्या बिघाडाचा कोड वाचायचा स्कॅनर गावच्या मिस्त्रीला परवडेल असा विकत द्या. प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यापासून सेन्सर असणारच, सेन्सरशी माझं वैर नाही. पण दिवा पेटला म्हणून कराड गाठायला लावू नका. पूर्वी बोलेरोत फोर बाय फोरही मिळायची, ती लो गिअरसह परत द्या. तिला टचस्क्रीन नसला तरी एकही फॉरेस्टवाला कुरकुरणार नाही.

2025 च्या 15 ऑगस्टला महिंद्राने मुंबईत व्हिजन नावाच्या चार संकल्पना-गाड्या दाखवल्या, बिनचासीच्या प्लॅटफॉर्मवरच्या, आणि तेव्हापासून पुढची बोलेरो त्यावरच येणार अशी कुजबुज आहे. दाजींनी त्या रात्रीच घरच्या ग्रुपवर लिंक टाकली होती, खाली काही न लिहिता नुसता अंगठा. खरंच तसं झालं तर निदान जुनी बंद करू नका. नवीला दुसरं नाव द्या, शहरात विका, आणि नाशिकला जुनी बनवत राहा. टीयूव्ही 300 ला 2021 मध्ये बोलेरो निओ म्हणून आणली तेव्हा दोन्ही शेजारीशेजारी विकतच होते की.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या सांगितल्या नाहीत तर खाली प्रतिक्रियांत धुलाई होईल. चासी म्हणजे सुरक्षित असं समजू नका. तीच बोलेरो निओ चासीवर आहे आणि 2024 च्या एप्रिलमध्ये ग्लोबल एनकॅपने तिला एकच स्टार दिला, सांगाडा अस्थिर ठरवला. इथे दाजी बरोबर आहेत, आणि हे त्यांना फोनवर सांगायची माझी इच्छा नाही. नव्या बोलेरोत कंपनीला खरा खर्च इथेच करावा लागेल. आणि तुमचं जास्त जाणं हायवेनेच असेल, सातारा-पुणे वगैरे, तर वर लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागू नाही. ताशी शंभरवर बोलेरोत शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं.

थांबायचं का? कच्च्या रस्त्याचं रोजचं काम असेल तर थांबू नका. बोलेरोचं सगळ्यात खालचं मॉडेल, बी4 घ्या, वरच्या मॉडेलमध्ये शोभेचंच जास्त आहे. वाचलेल्या पैशातून पावसाळ्याआधी मागचे दोन टायर चांगल्या नक्षीचे घाला, आणि विमा काढताना इंजिनात पाणी शिरल्याचं संरक्षण वेगळं मागून घ्या, ते आपोआप मिळत नाही. फक्त घाटात फिरायला जायचं असेल तर थार रॉक्स बघा. पाच दारं आहेत, दाजींनाही आवडलीय.