सिमेंट ब्लॉकचं बांधकाम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

निपाणीहून प्रश्न : आमची जागा काळ्या मातीची. पायापासूनच सॉलिड ब्लॉक लावले तर दगडाचा खर्च वाचेल, असं मेस्त्री म्हणतात. चालेल का?

नुसत्या ब्लॉकवर पाया भागवू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराखालीही असते. ब्लॉकची भिंत वजन पेलते, पण पायाचा एक कोपरा उचलला की तिचे सांधे उघडतात. घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदा. तो पाच-सहा फुटांत लागला तर आरसीसी (सळयांचं काँक्रीट) फुटिंग म्हणजे कॉलमखालची रुंद बैठक, कॉलम आणि वर चारही बाजूंनी बांधलेला प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीची आडवी तुळई करा. नाही लागला तर अंडर-रीम पाइल (जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगीर काँक्रीटचे खांब), आणि तेही इंजिनिअरच्या ड्रॉइंगप्रमाणेच. पाइलवरच्या बीमखाली किमान ८० मिमी पोकळी सोडा, म्हणजे फुगलेली माती बीमला खालून ढकलणार नाही. ब्लॉक बीमच्या वर सुरू होतात. खोदलेली काळी माती जोत्यात परत टाकू नका (ट्रॅक्टरचं भाडं वाचवायला सर्रास टाकतात). मुरूमच भरा, १५ सेंमीचे थर देऊन, पाणी मारून, धुमसानं ठोकून.

अथणीहून प्रश्न : १० × १२ च्या खोलीला सहा इंची ब्लॉक किती लागतील? उंची १० फूट.

भिंती ४४० चौ. फूट. एक दार आणि ४ × ४ च्या दोन खिडक्या वजा करून ३८७ उरतात. १०० चौ. फुटांना फूटतूट धरून ११५ ब्लॉक, म्हणजे ४४५ मागवा. १:६ मालासाठी (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) दर १०० चौ. फुटांना एक पोतं सिमेंट आणि साडेसात घनफूट वाळू पुरते.

बेळगावहून प्रश्न : ब्लॉक दोन दिवसांपूर्वी साच्यातून पाडलेले आहेत. यार्डवाला म्हणतो, विटांसारखे भिजवून लावा. मिरगाआधी स्लॅब टाकायचाय.

नका लावू. वीट भिजवतात, ती मालातलं पाणी ओढून घेते म्हणून. सिमेंटचा ब्लॉक भिजला की किंचित फुगतो आणि सुकताना आकसतो. हे आकसणं भिंतीत बसल्यावर झालं तर खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांची भेग निघते, मग गिलावा कितीही करा. भारतीय मानक २१८५ प्रमाणे ब्लॉकला १४ दिवस पाणी, नंतर चार आठवडे सुकवण. लावताना पृष्ठभागावर हलका शिपका पुरे. माल १:३ असा कडक केला तर भेग सांध्याऐवजी ब्लॉकमधूनच जाते, म्हणून १:६ च ठेवा. दिवसाला पाचच थर चढवा, आणि दर मीटर उंचीला ७५ मिमीची आरसीसी पट्टी, आत ८ मिमीच्या दोन सळया.

ब्लॉक घेताना एक वजनकाट्यावर टाका. १६ × ८ × ६ इंचांचा सॉलिड ब्लॉक साडेएकवीस किलोपेक्षा हलका नको. मग तो कोरडा ब्लॉक २४ तास पाण्यात बुडवा. वजन दहा टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे २२ किलोचा २४.२ च्या वर गेला, तर गाडी परत पाठवा.

खानापूरहून प्रश्न : पश्चिमेच्या सहा इंची भिंतीला आतून ओल येते. दोनदा रंग दिला, उपयोग नाही.

रंगानं थांबणार नाही. पाणी बहुधा उभ्या सांध्यांतून येतंय. मेस्त्री ब्लॉक शेजारीशेजारी बसवतात आणि सांध्यात वरून थापीनं चार बोटं माल ढकलतात. खाली पोकळच राहतं, बाहेरून मात्र गिलाव्याखाली झाकलं जातं. हातोडीच्या दांड्यानं गिलावा वाजवत जा. पोकळ वाजेल तिथला काढा, सांधे २० मिमी खरवडून १:४ मालानं ठासून भरा. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर ३० सेंमी रुंद चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारा. बाहेरचा गिलावा दोन थरांत, आधी १२ मिमी खरबरीत, मग ८ मिमी, मालात वॉटरप्रूफिंग पावडर घालून, आणि सात दिवस पाणी. छज्जाच्या खालच्या कडेला पन्हळ (पाणी तिथेच टपकवणारी खाच) नसेल तर तीही कोरून घ्या, नाहीतर पाणी छज्जाच्या तळानं उलटं भिंतीकडे येतं. काम दिवाळीनंतर काढा, आणि भिंत आतून पूर्ण सुकल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.